खंड परिक्रमा आणि घरी परतायची वाट

नर्मदा परिक्रमा सलग करायची तर हाताशी चार-सहा महिने मोकळे हवेत. शास्त्राप्रमाणे करायची तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. नोकरी करणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यासाठी खंड परिक्रमा आहे. रजा मिळेल तेवढं चालायचं, एखाद्या घाटावर थांबायचं, घरी यायचं आणि पुढच्या हंगामात त्याच घाटावरून पुढे निघायचं. मी आणि माझी मावशी अशी परिक्रमा करतो आहोत. आम्ही नाशिकच्या. मावशीचं वय ६८, आणि रस्त्यावर ती कायम माझ्या दहा पावलं पुढे असते.

चालण्याबद्दल, आश्रमांबद्दल, शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे वाटेतल्या सातपुड्याच्या जंगलपट्ट्याबद्दल, पुष्कळ ऐकायला मिळतं. पण टप्पा संपल्यावर त्या घाटावरून घरी यायचं कसं, असं कुणाला विचारलं तर उत्तर येतं, ‘मिळते हो काहीतरी गाडी.’ मिळते, हे खरं आहे. पण तेवढ्या भरवशावर मावशीला घेऊन एखाद्या फाट्यावर संध्याकाळी उभं राहायची माझी तयारी नाही. म्हणून माझा एक नियम झाला आहे. परतीचा रस्ता आधी बघायचा आणि मग कुठल्या घाटावर थांबायचं ते ठरवायचं.

यात नर्मदेचा स्वतःचा एक नियम येतो. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालं की आपण समुद्राकडे, पश्चिमेला चालतो. विमलेश्वरहून नावेने खाडी पार करून मिठी तलाईला उतरलं की उत्तर तट सुरू होतो, तो थेट अमरकंटकपर्यंत. उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तट, ओंकारेश्वर येईपर्यंत. आता आपला महाराष्ट्र सगळाच्या सगळा नर्मदेच्या दक्षिणेला. म्हणजे दक्षिण तटावर थांबलात तर नदी न ओलांडता घरी येता येतं. उत्तर तटावर थांबलात तर कुठल्या ना कुठल्या पुलावरून नर्मदा ओलांडावीच लागते. 

टप्पा थांबवताना घाटावर पूजा करून मैय्याला, म्हणजे नर्मदेला, सांगून विश्राम घेतात. विश्राम घेतल्यावर पूल ओलांडला तर दोष नाही, असं बहुतेक जाणते लोक सांगतात. काहीजणांना तरीही ते रुचत नाही, ते फक्त दक्षिण तटावर टप्पे पाडतात आणि उत्तर तट सलग चालतात. ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि यात वाद घालू नये. मावशीला पूल ओलांडायचं जड जातं, म्हणून आम्ही जमेल तेवढं दक्षिणेला थांबत आलो.

बडवानीच्या पुढे शूलपाणीच्या झाडीतून महाराष्ट्रात आलो, तेव्हा थांबलो धडगावला. सातपुड्याच्या त्या डोंगरात मोबाइलला नेटवर्क नाही, पाड्यांवर भिल्ल बांधवांनी घासातला घास काढून आम्हाला जेवू घातलं, आणि चढउतारांनी पायांचे तुकडे पडले होते. धडगावच्या स्टँडवर एस.टी. उभी दिसली तेव्हा मला जे वाटलं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. लाल गाडी, पुढे मराठीत पाटी, आणि ती शहाद्याला जाणार हे नक्की. एवढ्या दुर्गम डोंगरात रोज गाडी जाते-येते, याचं मोल शहरात बसून कळत नाही. गाडीत बाजाराला निघालेली माणसं होती, दवाखान्यात चाललेली एक गरोदर बाई होती, कॉलेजची पोरं होती. या सगळ्यांसाठी ती एकच गाडी.

कंडक्टरने आमचे दंड, म्हणजे परिक्रमेतल्या काठ्या, पाहिले, ‘नर्मदे हर’ म्हणाला आणि म्हणाला, ‘मावशी, काठ्या शिटाखाली आडव्या सरकवा, ब्रेक लागला की कुणाला तरी लागतील.’ मग मशीन काढून दोन अर्धी तिकिटं फाडून दिली. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या सगळ्यांनाच अर्धं आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. कुणी बडवानीहूनच परत फिरणार असेल आणि खेतियामार्गे एस.टी.ने शहाद्याकडे येणार असेल, तर हद्दीपर्यंतचं तिकीट पूर्ण द्यावं लागतं. खेतिया मध्य प्रदेशात आहे, अगदी सीमेवर. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावं. आश्रमात नोंदीला ते लागतंच, त्यामुळे तसंही ते हाताशी असतं. 

शहाद्याहून धुळे, धुळ्याहून नाशिक. काही सांगण्यासारखं घडलं नाही, आणि परतीच्या प्रवासाला तेच शोभतं.

उत्तर तटावर मात्र महेश्वरला थांबावं लागलं, कारण रजा संपली. तिथून नाशिकला यायचा रस्ता नकाशावर सरळ आहे. महेश्वरहून धामनोद, आणि धामनोद मुंबई–आग्रा महामार्गावर. हाच रस्ता सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करत नाशिकमधून जातो. एकच रस्ता, पण त्यावर खलघाटचा पूल आणि खाली नर्मदा.

अहिल्या घाटावर आम्ही विश्रामाची पूजा केली. मावशीचं मन तरी लागेना. घाटावर एक वृद्ध साध्वी बसल्या होत्या. मावशीने त्यांना विचारलं, पूल ओलांडायचा आहे, काय करू? त्या म्हणाल्या, ‘माँ से कहकर जा रही हो ना? फिर डर कैसा?’ एवढंच. मावशीने मान डोलावली, पण बसमध्ये बसल्यावर परिक्रमेत बरोबर असते ती नर्मदेच्या जलाची कुपी तिने पिशवीत ठेवली नाही. पदरात गुंडाळून मांडीवर उभी धरली. खलघाट आला तसं बसमधल्या लोकांनी खिडकीतून हात जोडले, दोघातिघांनी नाणी टाकली, मागून कुणीतरी जोरात ‘नर्मदे हर’ म्हटलं आणि सगळी बस म्हणाली. मावशी डोळे मिटून काही पुटपुटत होती. पूल संपल्यावर तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, ‘पुढच्या वेळी येताना पण हाच पूल ना?’ हाच. पुढच्या हंगामात त्याच पुलावरून परत जाऊन, त्याच घाटाच्या त्याच पायरीवर संकल्प पुन्हा हाती घेतला आणि पुढे निघालो. ती पायरी विसरू नये म्हणून मी फोटो काढून ठेवला होता. हे प्रत्येक थांब्यावर करावं. घाट मोठे असतात, आणि वर्षभराने गेलं की नेमकं कुठे थांबलो ते आठवत नाही.

या रस्त्यावर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंदूरहून पुण्या-नाशिककडे येणाऱ्या खासगी स्लीपर गाड्या रात्री भरधाव निघून जातात, वाटेत हात दाखवून त्या थांबतील असं धरून चालू नये. दिवसाउजेडी तुकड्यातुकड्याने यावं: धामनोद ते सेंधवा, तिथून शिरपूर, आणि शिरपूरला एस.टी. मध्य प्रदेशातलं सरकारी बस महामंडळ केव्हाच बंद झालं, तिथे सगळ्या गाड्या खासगी. वेळापत्रकाचा फलक शोधू नका. स्टँडवरच्या पानवाल्याला किंवा चहावाल्याला विचारा, त्याचं उत्तर बरोबर असतं. फक्त ‘बस कब है’ असं न विचारता ‘आखिरी बस कब है’ असं विचारायचं. शेवटची गाडी कळली की बाकी दिवस आपला. लहान गावांत ही शेवटची गाडी दिवस मावळायच्या आतच निघून गेलेली असते.

अमरकंटकचा परतीचा प्रवास लांबचा, पण मनाला सगळ्यात सोपा. उगमाला पोचल्यावर तट बदलतो, त्यामुळे तिथे थांबलं तर पुलाचा प्रश्नच येत नाही. डोंगर उतरून सालाच्या जंगलातून पेंड्रा रोड स्टेशनला यायचं. हे स्टेशन छत्तीसगडमध्ये, कटनी–बिलासपूर मार्गावर आहे. पेंड्रा रोडहून बिलासपूर, आणि बिलासपूरहून हावडा–नागपूर–मुंबई मार्गाची कुठलीही गाडी. गोंदिया, नागपूर, अकोला, भुसावळ आणि नाशिकरोड. या सगळ्या वाटेवर नर्मदा कुठेच आडवी येत नाही. मावशीने ही गोष्ट मला तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बिलासपूरला जी झोपली ती नागपूरला उठली. पेंड्रा रोडला जाणारी सकाळची गाडी मिळाली तर बिलासपूरला पुढच्या गाडीसाठी श्वास घ्यायला वेळ उरतो. थंडीच्या दिवसांत अमरकंटकला पहाटे बोटं वाकत नाहीत इतका गारठा असतो, तेव्हा आवराआवर आदल्या रात्रीच करून ठेवावी.

आता दक्षिण तटावरच्या हंडियाचं आणि त्याच्या आधीच्या वाटेचं सांगते. खंड परिक्रमा करणाऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग याच पट्ट्याचा आहे, असं माझं मत आहे.

बरमानपासून खाली दक्षिण तटाने चालत आलं की नर्मदा आणि रेल्वे जवळजवळ हातात हात घालून पश्चिमेला जातात. जबलपूर–इटारसी लाइन आणि पुढे इटारसी–खंडवा–भुसावळ लाइन, दोन्ही नदीच्या दक्षिणेला, नदीपासून थोड्या अंतरावर. त्यामुळे प्रत्येक मोठ्या घाटाला स्वतःचं असं एक स्टेशन आहे. बरमानला करेली, तेच गुळासाठी प्रसिद्ध असलेलं. सांडियाला पिपरिया, जिथे पचमढीला जाणारे उतरतात. सेठानी घाटाला खुद्द नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद, आणि तिथून इटारसी जंक्शन हाकेच्या अंतरावर. हंडियाला हरदा. पाय दुखावला, घरून निरोप आला, रजा कमी पडली, काहीही झालं तरी या पट्ट्यात कुठूनही दक्षिणेला वळलं की गाडी आहे आणि ती नर्मदा न ओलांडता महाराष्ट्रात येते. जबलपूरकडून येणारी गाडी नरसिंहपूरच्या आधीच नदी पार करून आलेली असते, आपण चढतो ते नदीच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेला.

आता तिकिटाचं काय करायचं? चालणाऱ्याला आपण अमुक तारखेला अमुक घाटावर असू हे दोन महिने आधी कसं सांगता येणार? आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि या मार्गावरच्या गाड्या लवकर भरतात. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसू देत नाहीत. तत्काळ मिळतं, पण ते आदल्या दिवशी स्लीपरसाठी सकाळी ११ वाजता उघडतं, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. त्या वेळी आपण शेतातल्या पायवाटेवर असतो, मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते.

यावर मी काढलेली वाट अशी. वाटेतल्या आधीच्या स्टेशनापासूनचं तिकीट काढून ठेवायचं आणि चढायचं स्टेशन नंतर बदलायचं. आम्ही पिपरिया ते नाशिकरोड असं तिकीट काढलं. पिपरियाच्या आसपास थांबायची वेळ आली असती तर तिथूनच चढलो असतो. चाल चांगली पडली आणि हंडिया गाठू असं दिसल्यावर नर्मदापुरमला नेटवर्क होतं तेव्हाच बोर्डिंग पॉइंट हरदा करून घेतला. पैसे थोडे जास्त जातात, कारण भाडं मूळ स्टेशनापासूनचं असतं, पण बर्थ हातात राहतो. ही अदलाबदल गाडीच्या आदल्या दिवसापर्यंत करून मोकळं व्हावं, आयत्या वेळेवर ठेवू नये. आणि एकदा बदललं की मूळ स्टेशनावर चढायचा हक्क राहत नाही. रात्रीच्या गाडीला तारीख नीट बघावी. मूळ स्टेशनावरून गाडी रात्री बारापूर्वी निघत असेल आणि आपल्या स्टेशनावर बारानंतर येत असेल, तर तिकिटावरची तारीख आणि आपण स्टेशनावर उभे असतो ती तारीख वेगळी असते. चाळीस वेळा वाचावं, दुसऱ्यालाही वाचायला लावावं.

आणखी एक. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. ४५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष, एकटे किंवा दोघे असतील तर तिकीट काढताना तो पर्याय निवडता येतो. आम्ही दोघी त्यात बसतो. सतत चालून आलेल्या गुडघ्यांना मधल्या बर्थवर चढायला लावू नये.

हंडियाला आम्ही दुपारच्या आत पोचलो. समोर उत्तर तटावर नेमावर, सिद्धनाथाचं मंदिर पाण्यापलीकडे स्पष्ट दिसतं. हे नर्मदेचं नाभिस्थान मानतात, उगम आणि सागर यांच्या मधोमध. मावशीची इथे थांबायची फार इच्छा होती, त्यामुळे माझं स्टेशनाचं गणित आणि तिची इच्छा एकाच घाटावर जुळली याचा मला आनंद झाला. स्नान केलं, कपडे धुऊन पायऱ्यांवर वाळत घातले, कुपीतलं जल बदललं, दिवा सोडला आणि मैय्याला सांगून विश्राम घेतला. परिक्रमेच्या वहीवर आश्रमातून तारखेसह ठप्पा घेतला. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची तर ही नोंद हवी.

कपडे धुण्याचं मुद्दाम सांगते. चालताना आपल्या अंगाचा, चपलांचा वास आपल्याला येत नाही. बंद डब्यात शेजारच्याला तो नक्की येतो. आम्ही एकेक धुतलेली साडी फक्त परतीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवतो, आणि त्याच पिशवीत परतीच्या प्रवासाचे पैसे, सुट्ट्या नोटांमध्ये. चालताना त्या पिशवीला हात लावायचा नाही. वाटेत मैय्या देईल ते खायचं, आश्रमात मिळेल तिथे पथारी टाकायची. ती पिशवी उघडायची ती विश्राम घेतल्यावर.

हंडिया इंदूर–बैतूल महामार्गावर आहे, त्यामुळे हरद्याकडे जाणाऱ्या बस मिळतात. पुलावरून आलेली एक बस थांबली. गर्दी होती, पण पांढऱ्या साड्या, दंड आणि कमंडलू बघून दोन मुलं उठून उभी राहिली. कंडक्टर पुढे येऊन म्हणाला, ‘मैय्या, आप से पैसे नहीं लेंगे.’ मी हसून आभार मानणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, ‘बेटा, परिक्रमावासी गाड़ी में नहीं बैठता. हम गाड़ी में बैठे हैं, तो टिकट लगेगा.’ तिचं हिंदी असं नेमकं नसतं, पण हे वाक्य तिने जणू पाठ केल्यासारखं म्हटलं. कंडक्टर थोडा वेळ नोटेकडे बघत राहिला, मग त्याने ती घेतली आणि कपाळाला लावून खिशात ठेवली.

मला तिचं म्हणणं पूर्णपणे पटतं. चालताना लोक जे देतात ते पायी चालणाऱ्या परिक्रमावासीला देतात. एकदा चाकांवर बसलो की आपण प्रवासी. मग तिकीट काढावं, रांगेत उभं राहावं, जागेसाठी वेशाचा उपयोग करू नये. चालताना उद्याची चिंता मैय्यावर सोपवायची असते. परतताना मात्र वेळापत्रक, सुटे पैसे, चार्ज केलेला मोबाइल, सगळं आपणच बघायचं. कुणी हौसेने जागा दिली तर नाही म्हणू नये, पण मागू तरी नये. पांढऱ्या वेशात विनातिकीट बसलेले लोक मी पाहिले आहेत आणि मला ते आवडलं नाही. त्यांच्यामुळे खऱ्या चालणाऱ्यांकडे बघायची नजर बदलते.

हरदा स्टेशन लहान, स्वच्छ. गाडी रात्रीची होती, हाताशी बराच वेळ होता. स्टेशनाबाहेर गरम जेवण केलं आणि वेटिंग रूममध्ये पाय वर घेऊन बसलो. ज्यांच्याकडे आरक्षण नाही त्यांनी जनरलचं तिकीट इथे खिडकीवर घ्यावं. २०० किलोमीटरच्या पुढचं साधं तिकीट तीन दिवस आधीही काढता येतं, त्यामुळे दुपारी पोचलात तर तेव्हाच काढून टाकावं, रात्री खिडकीवर धक्के खाऊ नयेत.

गाडी आली तेव्हा डबा झोपलेला होता. आमच्या खालच्या बर्थवर कुणीतरी झोपलं होतं, त्याला उठवलं, त्याने काही न बोलता जागा दिली. दंड बर्थच्या खाली लांबीने सरकवले. कुपी ठेवायचा प्रश्न दरवेळी पडतो, कारण ती जमिनीवर टेकवायची नाही आणि आडवीही करायची नाही. मावशी कापडी झोळीत ती उभी बांधते आणि झोळी खिडकीजवळच्या हुकाला अडकवते. रात्रभर ती झोळी गाडीच्या तालावर हलत असते आणि मावशी मधूनमधून हात लावून बघते.

पायांचं एक सांगून ठेवते. रोज चालणारे पाय अचानक आठ-नऊ तास लोंबकळत राहिले की घोटे भरून येतात, चपलेचा पट्टा लागेनासा होतो. म्हणून झोपताना पायांखाली पिशवी घ्यावी, आणि भुसावळला गाडी बराच वेळ थांबते तेव्हा खाली उतरून फलाटावर चार फेऱ्या माराव्यात. पाणी भरपूर प्यावं. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी दरवेळी बघते आणि दरवेळी त्यांना सांगते.

भुसावळला उजाडलं. फलाटावर मराठी ऐकू आली, केळीवाल्याची आरोळी, उद्घोषणा, दोन बायकांचं भांडण. डब्यातही माणसं बदलली होती. रात्री हरद्याला ‘नर्मदे हर’ म्हणणारे उतरून गेले होते आणि आता आमच्या समोर जळगावला चढलेलं एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. त्यांनी विचारलं, ‘कुठून आलात?’ मावशीने सांगायला सुरुवात केली ती मनमाडपर्यंत सांगत राहिली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. एका रात्रीत जेवढं अंतर मागे पडलं, तेवढं चालायला आम्हाला आठवडे लागले असते. दरवेळी या जागी मला थोडं रिकामं वाटतं. मावशीला नाही वाटत. ती म्हणते, अंतर मोजायचं नाही.

नाशिकरोडला उतरलो, जिना चढून बाहेर आलो आणि सिटीलिंकच्या बसने घरी. दंड बसमध्ये उभे धरले तर ड्रायव्हरच्या आरशात दिसतात, त्याने वळून विचारलं आणि मग आमच्या थांब्यावर गाडी जरा जास्त वेळ उभी केली, मावशीला सावकाश उतरता यावं म्हणून.

आता हंडिया ते ओंकारेश्वर एवढाच तुकडा उरला आहे. तिथे इंदिरा सागरचं पाणी पसरलेलं आहे. २००४ साली हरसूद गाव त्याखाली गेलं, त्यामुळे वाट नदीपासून बरीच दूरून जाते आणि चालायला अंतर वाढतं. परतीचं मात्र सोपं आहे: ओंकारेश्वरचा बसस्टँड दक्षिण तटावरच आहे, तिथून खंडवा, आणि खंडव्याहून नाशिकरोडची गाडी. या वेळी तिकीट हरद्यापासूनचंच काढणार आहे, म्हणजे मधेच थांबावं लागलं तर तिथून चढता येईल, नाहीतर बोर्डिंग खंडवा करून घेता येईल. परिक्रमा पूर्ण झाल्यावर पलीकडे बेटावर जाऊन ओंकारेश्वराला जल चढवायचं, कढाई, म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य, करायची, कन्याभोजन घालायचं, हे सगळं मावशीने आत्तापासून ठरवून ठेवलं आहे. त्यामुळे गाडी एक दिवस उशिराची बघते आहे, आणि ती कार्तिकी एकादशीनंतरच्या कुठल्या आठवड्यात धरायची ते माझी रजा मंजूर झाली की ठरेल.